दीड दिवसाचं नियोजन

मी नियोजन करतो. म्हणजे पगार तरी त्याचाच घेतो. गोव्यातल्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पाण्याचे पंप बनवायचा कारखाना आहे. तिथे कधी, काय, किती लागेल हे आधी सांगणं माझं काम. गावात लोक विचारतात, "श्रीनाथ, तू करतोस काय रे?" मी समजावून सांगतो आणि ते मध्येच पाऊसपाण्याची चौकशी करतात.

सोपं आहे हो. पंपाच्या पोटात मोटर. मोटरच्या पोटात तांब्याच्या तारेची कॉइल. गाडी भरायची तारीख ठरली की तिथून उलटं मोजत यायचं. पंप जोडायला एक दिवस, मोटरला एक दिवस, कॉइल त्याच्या आधी, तार त्याच्याही आधी. हा उलटा हिशोब कंप्युटर करतो. पुण्याला जाऊन मी तीन दिवस तो शिकून आलो आणि प्रमाणपत्राला काच बसवून आणली. चौथा दिवस असता तर मी देवालाही दोन गोष्टी सांगितल्या असत्या.

आमच्याकडे हे काम बावीस वर्षं शांताबाय करत होत्या. हुद्दा स्टोअरकीपरचा, पण अख्खा कारखाना त्यांच्या डोक्यात. मी आल्यावर त्यांच्या कदेलीसमोरच, म्हणजे खुर्चीसमोरच, माझं टेबल लागलं. कंप्युटरला त्या 'पेटी' म्हणायच्या.

"तुझी पेटी काय म्हणता रे आज?"

"पेटी नव्हे, सिस्टीम."

"हां. पेटी काय म्हणता?"

असा राग यायचा मला! जिन्याखाली त्यांनी वीस कॉइल गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या, कुठेही नोंद नाही. मोजणीत मला सापडल्या आणि मी चोर पकडल्यासारखा ओरडलो. "आडयेळाक असूंदे म्हणून ठेवलंय," त्या म्हणाल्या. जादा माल म्हणजे रोग, हे मी पुण्याहून शिकून आलो होतो. त्या कॉइल मी पहिल्याच लॉटला संपवून टाकल्या. मग मालकांना, कृष्णनाथबाबना, अहवाल दिला की आता स्टोअरला वेगळं माणूस लागणार नाही. शुद्ध मराठीत, चार पानं. त्यांनी तो वाचला आणि शांताबायना सांगितलं की गणेशचवथीचा महिना संपेपर्यंतच कामावर या. नवरा नाही, मूलबाळ नाही, निवृत्तीला सहा वर्षं बाकी. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मी मात्र जेवलो. सुंगटांची कढी होती, ताज्या कोळंबीची.

चवथीच्या महिनाभर आधी साठ पंपांची ऑर्डर आली. बेळगावचा नवा व्यापारी होता. चवथीनंतर सहाव्या दिवशी गाडी भरायची, नाहीतर तो दुसरा कारखाना बघणार. आमच्या कॉइल मये गावात देवकी नावाची बाई गुंडाळून देते, वाड्यावरच्या आठ-दहा बायकांना घेऊन.

"देवकीक फोन करू?" शांताबायनी विचारलं.

"नको. ऑर्डर सिस्टीममधूनच जाईल. शिस्त म्हणजे शिस्त."

"आरे, पण चवथ..."

"चवथ घातलीय मी कॅलेंडरात!"

घातली होती, खोटं नाही. दोन दिवस सुट्टी. आमच्या इब्रामपूरच्या घरी गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी विसर्जन, तिसऱ्या दिवशी माणूस कामावर. सबंध गोव्याचे गणपती मी आमच्या घरच्या गणपतीबरोबर पाण्यात सोडले. कुणाचा पाच दिवस असतो, कुणाचा सात, कुणाचा त्याहून जास्त, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं. पण कीबोर्डावर हात ठेवला की माझी अक्कल रजेवर जाते.

तिसऱ्या दिवशी कॉइल यायच्या होत्या. दुपार झाली, संध्याकाळ झाली. शेवटी फोन केला. मागे आरती चाललेली, मातीच्या घुमटावर थाप पडत होती.

"आमचो गणपती यंदा नऊ दिसांचो, बाबा!" देवकी ओरडून बोलत होती. "सुनेक झील झालो, नवस होतो. बायकां खंय मेळतली आता?"

"पण ऑर्डर पाठवलेली ना!"

"ती मोबायलार आयिल्ली? शांताबाय दर वर्सा महिनाभर आदी फोन करता. औंदा फोन ना, म्हटलं माल नाका आसतलो."

मी फोन ठेवला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझ्याकडे तर बैलही नव्हता, जिन्याखालच्या वीस कॉइलही नव्हत्या. समोर शांताबाय पावत्या लावत बसलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता हसतील, हसल्या तर हक्कच आहे, असं म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो.

त्या हसल्या नाहीत. "तार आसा मा स्टोरात?" एवढंच विचारलं आणि फोन उचलला.

पूर्वी कॉइल आमच्याच कारखान्यात व्हायच्या, हाताची दोन मशिनं अजून होती. तेव्हा ती चालवणाऱ्या बायकांच्या तीन घरांत शांताबायनी फोन केले. तिन्ही घरांत यंदा सुतक होतं, म्हणून गणपती आणला नव्हता. त्यांतल्या संजनाचा नवरा जाऊन तर दीडच महिना झालेला. "घरात बसान रडण्यापेक्षा ये गो हंय," शांताबाय तिला म्हणाल्या. कुणाच्या घरी गणपती किती दिवसांचा आणि कुणाच्या घरी यंदा नाहीच, हे त्या बाईला तोंडपाठ. तीन दिवसांत साठ कॉइल झाल्या. गाडी आठव्या दिवशी भरली. व्यापाऱ्याने फोनवर माझे पूर्वज आठवले, पण माल घेतला.

कृष्णनाथबाबनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"शांताबायकडून सगळं लिहून घे. कुणाचे किती दिवस, ते. तीस तारखेच्या आत. मग तिला मोकळं करू."

"लिहून काय उपयोग, बाब?" मी म्हटलं. "देवकीचा गेल्या वर्षी पाच दिवसांचा होता, यंदा नऊ. कुणाकडे नवस, कुणाकडे सुतक, कुठे भाऊ वेगळे झाले. दर वर्षी विचारायला पाहिजे. आणि विचारणारं माणूस घरचं पाहिजे. मला कोण सांगणार?"

बाबनी चष्मा काढला. "अहवाल तूच दिलेलास."

"हो. मूर्खपणा होता."

"मग ऐक. कायम पगार एकाच माणसाचा बसतो. तुला दिवाळीत कायम करायचा होता तो तिच्याच जागेवर. तिला ठेवली तर तू अजून वर्षभर कंत्राटावर, पुढचं देव जाणे. बोल, कोण?"

खरं सांगतो, घराचं कर्ज डोळ्यांपुढे आलं, बायको आली, काच बसवलेलं प्रमाणपत्रसुद्धा आलं. लाज वाटते सांगायला, पण स्वतःचंच नाव जिभेवर आलं होतं.

"शांताबाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताबाय कधी नव्हे ते मोगऱ्याचा वळेसर माळून आल्या. बाबनी त्यांना राहा म्हणून सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. येताच त्यांनी माझ्या कंप्युटरवरची धूळ पदराने पुसली.

"काल बाब म्हणालो, हिशोब चुकलेलो म्हणून. तुझ्या पेटयेन चूक कबूल केल्यान मा रे?"

मी जनेलातून बाहेर बघत म्हटलं, "केली."

"बरी आसा तर ही," त्या म्हणाल्या. "माणसां कबूल करनत नाय."