त्या भाचीकडे गेल्या

साखरबुवांनी अवेळी डोळे मिटायला सांगितलं की समजायचं, आपल्यातलं कोणीतरी गेलं.

साखरबुवा म्हणजे आमच्या वृद्धनिवासातले आध्यात्मिक मार्गदर्शक. नाव मीच ठेवलेलं, कारण त्यांच्या तोंडून शब्द येत नाहीत, पाक गळतो. त्यांचा वर्ग असतो संध्याकाळी. पण एखाद्या दिवशी नाश्त्याआधीच आम्हाला हॉलमध्ये बसवतात, गाणं मोठ्यानं लावतात, आणि आम्ही डोळे मिटून मन हलकं करत असताना मागच्या पॅसेजमधून स्ट्रेचर जातं. स्वयंपाकघराच्या दारानं. भाजी येते त्या दारानं! मग जेवताना एक खुर्ची कमी असते. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: मुलाकडे गेले, मुलीकडे गेल्या. व्यवस्थापक बाई म्हणतात, मरणाचं नाव काढलं की आमचा रक्तदाब वाढतो. माझा तर बाईंना बघूनच वाढतो.

मी शाळेत कवायत शिकवायचे, म्हणून इथे सगळे मला शिट्टी म्हणतात. शेजारच्या खोलीत अनाउन्सरबाई. तिनं जन्मभर स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या. एकुलती एक, लग्न केलं नाही, आणि त्याचं तिला सोयरसुतक नव्हतं. "गाडी रद्द झाली तर रद्द म्हणायचं," ती सांगायची. "लोक शिव्या घालतात, पण फलाटावर ताटकळत तरी बसत नाहीत."

छातीचं दुखणं वाढलं तेव्हा तिनं मला दम भरला. "शिट्टे, हे लोक मला गुपचूप नेतील. तू घोषणा कर. नाहीतर मानगुटीवर बसेन तुझ्या."

"गप गं."

"वचन दे आधी."

दिलं.

त्या सकाळी मी तिच्या दारावर टकटक केली, तर मदतनीस बाई आडवी आली. "झोपल्यात त्या." आणि हॉलमधून गाण्याचा आवाज आला. मी मुकाट्यानं जाऊन बसले. आजूबाजूला सगळे डोळे मिटून होते, एवढी मोठी माणसं, नातवंडं असलेली, अंगणवाडीतल्या पोरांसारखी. तेवढ्यात मागे चाक कुरकुरलं. मी उठलेच.

पॅसेजमध्ये ती होती. चादर तोंडावर ओढलेली, एका पायातला हिरवा मोजा निम्मा निघालेला. तिला पायाला कायम गार वाजायचं. मी मोजा नीट वर चढवला आणि हॉलमध्ये परत आले. खरं बोलायची एक संधी मी साखरबुवांना दिली.

"ती कुठे आहे?"

"ताई, त्या पहाटेच भाचीकडे गेल्या."

"अहो, तिला ना भाऊ ना बहीण. ना नवरा, ना सासर. भाची काय आभाळातून पडली?"

"नात्यांच्या पलीकडे आत्मा—"

"आत्म्याचं नंतर बघू!" मी अशी ओरडले की सगळ्यांचे डोळे उघडले. "सगळ्यांनी लक्ष द्या! आपल्या अनाउन्सरबाई वारल्या. त्यांना मागच्या दारानं नेतायत. ज्यांना यायचंय त्यांनी माझ्यामागून या!"

आले. काठ्या टेकत, वॉकर ढकलत सगळेच आले. पण आमची चाल ती काय! दारापाशी पोचलो तेव्हा गाडी निघून गेली होती, आणि तिथे कोबीच्या जाळ्या उतरवत होते.

"मग ते बुद्धिबळवाले आजोबा?" कोणीतरी विचारलं.

"ते खरंच मुलाकडे गेलेत हो!" व्यवस्थापक बाई कळवळून म्हणाल्या. कदाचित गेलेही असतील. आता त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार?

दुपारी माझा मुलगा दारात हजर. बाईंचा फोन गेला होता. "आई, तू म्हणे सगळ्यांना अस्वस्थ करतेस. थोडे दिवस घरी चल." मी संतापानं पिशवी भरली आणि त्याच्यामागून निघाले.

वाटेत जेवणाचा हॉल लागतो. मी आत पाऊल टाकलं आणि खुर्च्या सरकल्या. एकेक जण उठून उभा राहिला. घास तसेच ताटात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले पोस्टमास्तरसुद्धा टेबलाला धरून उठले.

"बसा खाली!" मी खेकसले. "मेले नाहीये मी. खरंच मुलाकडे चाललेय."

"माहीत आहे," पोस्टमास्तर म्हणाले. "पण तुमच्या वेळी आमचे डोळे मिटलेले असले तर? म्हणून आत्ताच उठलो."

मी मुलाकडे पाहिलं. तो खाली बघत होता. मग आमच्या टेबलाकडे पाहिलं. अनाउन्सरबाईची खुर्ची सकाळीच उचलली होती, आणि उरलेल्या खुर्च्या सरकवून जागा बुजवली होती.

मी पिशवी बरोबर तिथेच ठेवली.

"ती खुर्ची आणा आधी," मी दारात आलेल्या व्यवस्थापक बाईंना म्हटलं. "कोण कुठे जातंय ते मग बघू."