डाव्या डोळ्यातली ज्योत

रविवारची दुपार होती आणि धनज गावातल्या जुन्या बियाण्याच्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर रणरणतं ऊन, आत काळोख, कारण खिडक्यांना मुद्दाम गोणपाट ठोकलेलं. समोर भला मोठा टीव्ही, आणि टीव्हीवर एका तीन वर्षांच्या पोरीचा चेहरा. उजवा डोळा लालसर. डावा डोळा मात्र पांढराशुभ्र, अंधारात मांजरीचा चमकावा तसा. बाया हात जोडून उभ्या होत्या. कोणी नारळ आणला होता, कोणी तापानं फणफणलेलं लेकरू. आणि तो चेहरा जिचा, ती संबोधी टीव्हीखाली उंच खुर्चीवर जरीची शाल पांघरून घामाघूम बसली होती. "मले शू लागली," असं ती केव्हाची सांगत होती. पण देवीलाही शू लागते हे मानायला कोणी तयार नव्हतं.

दाराशी उभ्या असलेल्या धम्मदीपाला ते पाहवेना. संबोधी तिच्या धाकट्या भावाची, सतीशची मुलगी. धम्मदीपा कारंज्याला शाळेत विज्ञान शिकवायची. भावजयीचा, मंजुषाचा, रडवेला फोन आला तशी मिळेल ती एसटी पकडून ती आली होती.

"मी बाबा नाही! मी बुवा नाही!" टीव्हीशेजारचा माणूस गरजत होता. इस्त्रीची पँट, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. लोक त्याला तेजोवेदीसर म्हणत. खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असंही कोणाला वाटलं नव्हतं. "माझ्याकडे अंगारा नाही, लिंबू नाही. माझ्याकडे हे आहे!" त्यानं साबणाच्या वडीएवढा चंदेरी कॅमेरा वर धरला. "जपानी यंत्र! यंत्राला जात नाही, धर्म नाही. यंत्र खोटं बोलत नाही! ही ज्योत तुमच्या मोबाईलमध्ये दिसते का? नाही दिसत. कारण मोबाईल चेहरा टिपतो, आणि हे यंत्र तेज टिपतं!"

टाळ्या पडल्या. वास्तविक फ्लॅशशिवाय काढलेल्या मोबाईलच्या फोटोत ती का दिसत नाही, हा नीट विचारायचा प्रश्न होता. त्यानं स्वतःच विचारून स्वतःच उत्तर दिलं, आणि लोक मोकळे झाले.

धम्मदीपानं सरळ पुढं जाऊन पोरीला उचललं, शाल खुर्चीवर टाकली आणि तिला गोदामामागं घेऊन गेली. मागं कुजबुज झाली. होऊ दे, तिनं मनाशी म्हटलं.

संध्याकाळी घरी भावाबहिणीचं वाजलं.

"ताई, तू कायले मधात पडतं?" सतीश म्हणाला. तो कापसाच्या जिनिंगमध्ये मेकॅनिक होता, आवाजावरून मोटारीचं दुखणं सांगणारा. "मी काय धुपारे-अंगारे करून राह्यलो? आपल्या आज्यानं छप्पन सालच्या दीक्षेनंतर घरातले देव नदीत सोडले, ते मी इसरलो नाई. हा देव नाई. मशीन हाय! आपलं तं म्हणणंच हाय ना, डोळ्यानं पाहा मंग माना?"

धम्मदीपाच्या घराला देव फसवू शकला नव्हता, भूत फसवू शकलं नव्हतं. हा माणूस मात्र बरोबर त्याच दारानं आत शिरला होता जे या घरानं मोठ्या अभिमानानं उघडं ठेवलं होतं.

"पोट्टी डाव्या बाजूनं आपटते, ताई," मंजुषा चुलीपाशी हळूच म्हणाली. "दाराच्या चौकटीले, खाटेले. डोळाही जरासा तिरपा झाला. मी म्हटलं डॉक्टरले दाखवू. तं सर म्हणे, इंग्रजी औषधाचा एक थेंब पडला का ज्योत इझली. अन् येत्या रविवारनंतर ते तिले दौऱ्यावर नेऊन राह्यले. पार नांदेडपर्यंत. हे बी नोकरी सोडून जातो म्हणते."

"अन् तू?"

"मले कोण इचारते?"

आपटणं, तिरपा डोळा हे धम्मदीपानं ऐकलं खरं. पण त्या घटकेला तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, पोरीला या माणसाच्या गाडीत बसू द्यायचं नाही. त्यासाठी त्याची लबाडी उघडी पाडायला हवी. एकदा ती उघडी पडली की सगळं संपलं, असं तिनं धरून टाकलं.

तेजोवेदीचा धंदा असा चाले. माणसाला अंधारात बसवायचं, फोटो काढायचा. फोटोत डोळे लालभडक, तोंड काळवंडलेलं. "डोळ्यांना ग्रहण लागलंय," तो सांगे. मग बैठका, मग पैशाचं पाकीट. शेवटच्या बैठकीला पुन्हा फोटो: डोळे स्वच्छ, चेहऱ्यावर तेज. दोन्ही फोटो शेजारी शेजारी. यापुढं कोण काय बोलणार?

शाळेच्या कपाटात सहलीसाठी घेतलेला तसलाच एक छोटा कॅमेरा धूळ खात पडला होता. धम्मदीपानं तो प्रयोगशाळेत नेला, पडदे ओढले आणि आधी स्वतःचाच फोटो काढला. डोळे लाल! एखाद्या नाटकातल्या राक्षशिणीसारखे. मग तिनं एकेक बटण पाहिलं, माहितीपुस्तिका वाचली, शिपाईमामांना बसवलं, शाळेतल्या दुसऱ्या बाईंना बसवलं, आणि आठवडा संपायच्या आत तिला सगळी बैठक पाठ झाली. तिला हसू आलं. एवढंच होतं होय!

रविवारी गोदामात मागच्यापेक्षा दुप्पट गर्दी होती. बाहेर गाडी उभी, गाडीला झेंडूच्या माळा. संबोधी पुन्हा खुर्चीवर. धम्मदीपा सरळ मारोतरावांकडे गेली. गोदाम त्यांचं, आणि गावात त्यांचा शब्द चाले.

"मारोतकाका, सर म्हणते हे सायन्स हाय. सायन्स असन तं माह्याही क्यामेऱ्यात दिसलं पाह्यजे. काढू द्या मले दोन फोटो."

"काढू द्या ना, सर," मारोतराव म्हणाले. "म्याडम सायन्सच शिकवते."

तेजोवेदी हसला, पण हात चोळू लागला. नाही म्हणायची सोय त्यानंच ठेवली नव्हती.

धम्मदीपानं रंगूबाईला पुढं बोलावलं. म्हातारीच्या बैठका झालेल्या, सरांच्या यंत्रात तिचे डोळे साफ आलेले. "काकू, आता कसं दिसते?"

"दिसाले काय, सुईत दोरा जात नाई अजून," रंगूबाई म्हणाली. "पण फोटोत तं साफ हाय बाप्पा!"

लोक हसले. धम्मदीपानं फोटो काढला आणि टीव्हीला जोडला. म्हातारीचे डोळे लालभडक, चेहरा कोळशासारखा.

"अवं माय! ग्रहण परत लागलं!"

"लागलं नाई, मी लावलं. आता मीच सोडवतो पाहा. मंत्र नाई, बैठक नाई." तिनं एक बटण दाबलं. खऱ्या फ्लॅशच्या आधी कॅमेऱ्याचा बारीक दिवा लुकलुकला, मग लख्ख उजेड पडला. टीव्हीवर रंगूबाई: डोळे स्वच्छ, चेहरा उजळ.

मागची माणसं टाचा उंचावून पाहू लागली.

"अंधारात डोळ्याची बाहुली मोठी होते," धम्मदीपा सांगू लागली. "ह्या लहान क्यामेऱ्यात फ्लॅश भिंगाच्या अगदी बाजूले असते. उजेड बाहुलीतून सरळ आत जाते, डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आपटते अन् तसाच परत येते. त्या पडद्यामागं रक्त हाय, म्हणून लाल. तुमचं, माह्यं, सरांचंही. मोबाईलचा दिवा आधीच पेटते, बाहुली लहान होते, म्हणून त्यात लाल सहसा दिसत नाई. ह्या क्यामेऱ्यातबी तेच करणारं बटण हाय, त्यावर डोळ्याचं चित्र काढलं हाय. अन् हे अधिक-उणेचं बटण. उणे केलं का तोंड काळं, अधिक केलं का तेज. हे ग्रहण, अन् हा त्याचा उतारा!"

आता मात्र हशा फुटला. पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. "सर, माह्यं पाकीट कोणत्या बटणात गेलं?" कोणीतरी मागून ओरडलं. तेजोवेदीचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. सतीश खाली मान घालून उभा होता, आणि धम्मदीपाला, खोटं कशाला बोला, मनातून फार बरं वाटत होतं.

"आता ज्योत पाहू," ती म्हणाली, आणि कॅमेरा संबोधीवर धरला. बारीक दिवा लुकलुकला. फ्लॅश पडला.

टीव्हीवर पोरीचा उजवा डोळा काळाभोर, स्वच्छ. डावा पांढरा.

तिनं पुन्हा काढला. जवळून, मग बाजूनं. बटणानं सगळ्या गावाचे डोळे बदलले होते. हा एक डोळा ढिम्म बदलेना.

"पाहा!" तेजोवेदीनं उडीच मारली. "बाईंच्याच यंत्रात पाहा! ग्रहण बटणानं गेलं असेल, ज्योत गेली का? ही खरी ज्योत आहे! बाईंनीच सिद्ध केली!"

आणि जे लोक आत्ता हसत होते त्यांचे हात पुन्हा जोडले गेले. रंगूबाईनं तर खुर्चीपुढं डोकं टेकलं.

धम्मदीपानं कॅमेरा खाली केला. डाव्या बाजूनं आपटते. डोळा तिरपा झाला. मंजुषानं सांगितलं होतं, चुलीपाशी, आणि आपण कॅमेऱ्याच्या नादात ते कानाआड केलं. सगळ्यांच्या डोळ्यातून उजेड लाल परत येतो. हिच्या एकाच डोळ्यातून पांढरा का येतो? हा प्रश्न तिनं आठवडाभरात एकदाही विचारला नव्हता.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "हे खोटं नाई. हे खरंच हाय, म्हणूनच मी भेऊन राह्यली. उजेड पडद्यापर्यंत पोचला असता तं लाल परत आला असता. पोचतच नाई. मधात काहीतरी हाय. सतीश, पोरीच्या डोळ्यात काहीतरी हाय रे!"

"अभद्र बोलू नका!" तेजोवेदी ओरडला. "ज्योत कोपेल!"

तेवढ्यात गर्दीतून मंजुषा पुढं आली. आजवर ती त्या गोदामात मोठ्यानं एक शब्द बोलली नव्हती. ती लेकीपुढं उकिडवी बसली, एका हातात बिस्कीट धरलं आणि दुसऱ्या हाताच्या पंजानं पोरीचा उजवा डोळा झाकला.

"बोधी, घे."

संबोधीनं हात पुढं केला. बिस्कीट तिच्या नाकासमोर होतं आणि तिचा हात हवेत चाचपडत होता, एकदा वर, एकदा आईच्या खांद्यावर. मग ती घाबरली, आईचा पंजा ओरबाडून काढू लागली. "आई, अंधार झाला! आई, तू कुठी हायेस?"

"इथीच हावो, माय," मंजुषा म्हणाली आणि हात काढून तिला छातीशी घट्ट धरलं. मग उठून तेजोवेदीकडं वळली. "ज्या डोळ्यात तुमची ज्योत हाय, त्या डोळ्यानं तिले माय दिसत नाई. कायची ज्योत?"

कोणी हसलं नाही, कोणी हात जोडले नाहीत. मारोतरावांनी स्वतः उठून एका खिडकीचं गोणपाट ओढून काढलं. सतीश धावतच गाडी पाहायला गेला. माळा घातलेलीच गाडी होती समोर. मारोतरावांनी ड्रायव्हरला दटावलं, आणि त्याच गाडीतून पोरगी अकोल्याला गेली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब टाकले, बॅटरी लावून बराच वेळ पाहिलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर गाठ होती. कॅन्सरची. लहान लेकरांना होते अशी. "हे असं पांढरं पहिल्यांदा कधी दिसलं?" त्यांनी विचारलं. सरांच्या यंत्रानं काढलेला संबोधीचा पहिला फोटो सतीशनं घरी मढवून लावला होता; त्याचीच मोबाईलमधली प्रत त्यानं दाखवली. खाली तारीख होती. बाईंनी तारीख पाहिली, सतीशकडं पाहिलं.

"फोटोनं तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा आला असता तर डोळा वाचवायचा प्रयत्न करता आला असता. आता जीव वाचवू."

सतीश दवाखान्याच्या भिंतीला डोकं लावून रडला. लेकरासारखा रडला. धम्मदीपानं त्याच्या पाठीवर हात ठेवला; त्याहून अधिक द्यायला तिच्याजवळही काही नव्हतं.

मोठ्या दवाखान्यात डोळा काढला. पोरगी वाचली. तेजोवेदी त्या रविवारी संध्याकाळीच गोदामाच्या मागच्या दारानं पसार झाला होता. मारोतरावांनी आणि मंजुषानं मिळून जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली आहे. तो दुसऱ्या कुठल्या गावात दुसऱ्या नावानं यंत्र खोटं बोलत नाही असं सांगत असेल, या विचारानं धम्मदीपाला अजून चैन पडत नाही.

नंतरच्या ग्रामसभेत सतीश उभा राहिला. हातात तोच मढवलेला फोटो.

"मी मशीनवाला माणूस," तो म्हणाला. "मोटार खरखर करे तं मी तिच्या पाया पडत नाई, खोलून पाहतो. अन् माह्या पोरीच्या डोळ्यात बिघाड दिसला तं मी हात जोडले. क्यामेरा खोटं नाई बोलला. त्याचा मतलब काय, हे मी डॉक्टरले इचारायच्या जागी एका लबाडाले इचारलं. तुमी असं करू नका. फ्लॅशच्या फोटोत दोन्ही डोळे लाल दिसले तं भेऊ नका, काही नाई ते. पण लेकराचा एखादा डोळा पांढरा चमकला तं नारळ फोडू नका, कोणाले इचारू नका, एसटीत बसा अन् डोळ्याच्या डॉक्टरले दाखवा. काही नाई निंघालं तं हसत घरी या. देव माना का नका मानू, मशीन माना का नका मानू, पण काहून असं झालं, हे इचाराले लाजू नका."

त्यानं फोटो मारोतरावांच्या टेबलावर ठेवला. पुढं बसलेली संबोधी उठून तिथं आली, मान डावीकडं पुरती वळवून, एका डोळ्यानं तो पाहू लागली.

"बाबा, हा डोळा माह्याच होता?" तिनं विचारलं.

सतीशनं होकारानं मान हलवली.