चिमट्याआधी जोडलेले हात

घड्याळजी पक्के नास्तिक. देवाचं नाव निघालं की त्यांचं टाळकं सटकायचं. "कोणी सांगतं म्हणून मानायचं नाही, स्वतः पडताळून बघायचं," हे त्यांनी लेकीला घड्याळ उघडायला शिकवण्याआधी शिकवलं होतं.

आणि आज तीच लेक भर दुकानात, चिमटा उचलण्याआधी, डोळे मिटून हात जोडून बसलेली! घड्याळजींच्या डोळ्यावरचं भिंगच खाली पडलं.

"हे काय नवीन खूळ?"

"बारीक स्प्रिंग बसवताना माझा हात थरथरतो, बाबा. देवाला हात जोडले की थांबतो."

"योगायोग!"

"मलाही तसंच वाटलं. म्हणून काही दिवस जोडून बघितले, काही दिवस न जोडता. जोडले की स्प्रिंग पहिल्या झटक्यात बसते."

घड्याळजी गडबडले, पण हार मानतील तर शपथ! "अगं, घटकाभर शांत बसल्याचा परिणाम तो. देवाला मध्ये न आणता नुसती डोळे मिटून बसून बघ."

"तेही करून झालं."

"मग? काय झालं?"

लेकीने खाली पडलेलं भिंग उचललं, पुसलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. हल्ली तो हातही थरथरायचा. घड्याळजींना वाटायचं, कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

"ते मी नाही सांगणार, बाबा," ती चिमटा त्यांच्यापुढे सरकवत म्हणाली. "मी सांगितलं म्हणून तुम्ही थोडंच मानणार? स्वतः पडताळून बघा."