ताईची हनुवटी

डॉक्टरीणबाईंनी ताईची हनुवटी दोन बोटांत धरून दिव्याकडे वळवली आणि ताईने डोळे गच्च मिटले. नवऱ्यालासुद्धा जिथे कधी बोट लावू दिलं नाही, तिथे ही कालची पोर भिंग लावून बघत होती. मी धाकटी बहीण, तिची पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसले होते.

हनुवटीवरचे हे केस आम्हाला वडिलांकडून आले. माझ्याही वाट्याला आलेत, पण मी खुशाल पार्लरमध्ये जाऊन काढून येते, कोणाची चोरी आहे? ताईचं तसं नाही. तिचं लग्न ठरलं तेव्हा आईने बजावलं होतं, जावईबापूंना कळता कामा नये. झालं. तेव्हापासून ही बाई रोज नवऱ्याच्या आधी उठते आणि न्हाणीघराची कडी लावून केस उपटते. तापाने फणफणली तरी चुकवत नाही.

आता तिच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याची तिला काडीची भीती नव्हती. नंतर आठवडाभर पडून राहावं लागेल आणि भावोजी उशाशी बसतील, एवढंच तिला खात होतं. "मेले तरी चालेल, पण यांना माझी दाढी दिसायला नको," असं म्हणाली. मी तिला चांगलं झापलं आणि इथे, लेझरने केस काढतात त्या दवाखान्यात घेऊन आले.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. लेझरचा उजेड केसातला काळा रंग पकडतो, त्याची उष्णता होते आणि मूळ जळतं. सगळे केस एकदम उगवत नाहीत, म्हणून पुन्हा पुन्हा यावं लागतं. तोवर उपटायचे नाहीत, मूळच नसेल तर जाळणार काय? ताई शाळकरी पोरीसारखी मान डोलवत होती. मग बाई म्हणाल्या, तुमचे जवळजवळ सगळे पांढरे झालेत, काकू. पांढऱ्यात पकडण्यासारखं काही नसतं. सुईने एकेक मूळ जाळता येतं, पण ते इथे होत नाही आणि त्याला महिनोन् महिने लागतात. काही वर्षं आधी यायला हवं होतं.

काही वर्षं आधी मीच मागे लागले होते. तेव्हा ताई म्हणाली होती, कुठे चाललीस असं यांनी विचारलं तर काय सांगू? बसली मग घरी.

मला वाटलं, विषय संपला. कसला संपतोय! ताईने उपटणं बंद केलं. दाढ दुखते म्हणून तोंडाला रुमाल बांधून घरात वावरू लागली. ऑपरेशन दोन दिवसांवर आलं तेव्हा मला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेली आणि तिथे रुमाल सोडला. हनुवटीवर काळेकुळकुळीत राठ केस, आणि खालची कातडी लालबुंद. डोक्याला लावायचा रंग तिने तिथे लावला होता.

मला हसू फुटलं. ताईचा चेहरा पाहिला आणि मी ते आवरलं.

"काकू, रंग वरवर बसतो," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मूळ आत आहे, ते पांढरंच राहतं."

"एकदा मारून तर बघा. भाजलं तरी चालेल मला."

त्यांनी ताईचा हात हातात घेतला आणि नाही म्हटलं.

वाटेत ताईने रुमाल पुन्हा बांधला. घरी भावोजी टीव्ही बघत बसले होते. ती थेट त्यांच्यासमोर जाऊन दिव्याखाली उभी राहिली आणि तिने रुमाल ओढून काढला. भावोजींनी मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे चांगलं सरळ पाहिलं.

"थांबली वाटतं दाढ?"

"थांबली," ताई म्हणाली.

"बरं झालं. जरा बाजूला हो, दिसत नाहीये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, डोळे आहेत की भोकं, असं अगदी जिभेवर आलं होतं. ताईने माझा दंड धरला आणि मला दारापर्यंत आणलं.

"परवा दवाखान्यात तू राहा उशाशी," ती म्हणाली. "यांना नको."

"अजून लाजतेस होय त्यांना?" मी चिडून विचारलं.

"लाजायला काय उरलंय गं? माझ्याकडे बघणारं माणूस हवंय."

तेवढ्यात जिना चढून शेजारीण वर आली. काय कसं काय म्हणायच्या आधीच तिची नजर ताईच्या हनुवटीवर गेली आणि तिथेच राहिली. ताई तिच्याकडे बघत उभी राहिली. हनुवटी झाकायला तिने हात वर नेला नाही.