सात वारांचे वस्तरे

मल्हारी बोरस्त्यांना हजाराच्या वर नफा होणार होता, आणि तो कशात घालायचा हेही ठरलेलं होतं. बायकोसाठी, म्हणजे विमलाबाईंसाठी, शिलाई मशीन. कितीतरी वर्षं त्या शेजारच्या यशोदाबाईंच्या मशीनवर, ते रिकामं व्हायची वाट बघत, गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवत होत्या.

भांडवल म्हणजे एक मखमली पेटी. मल्हारी मनमाडला रेल्वेत कारकून, आणि जुने वस्तरे जमवून विकायचा नाद. तिथल्या जुन्या बाजारात त्यांनी ती साठ रुपयांना उचलली. आत सात विलायती वस्तरे, हस्तिदंती मुठींचे, आणि प्रत्येक पात्यावर सोनेरी मुलाम्यात एकेका वाराचं इंग्रजी नाव. साहेबाने रोज वेगळा वस्तरा घ्यायचा, म्हणजे धारेला आठवडाभर विश्रांती. गंगापूर रोडच्या त्यांच्या दोन खोल्यांत सुटे वस्तरे पुष्कळ होते, पण स्वतःची दाढी ते साध्या ब्लेडनेच करत. वापरला की भाव उतरतो, हा त्यांचा कायदा.

मुंबईचे व्यापारी मोतीरामशेठ पेटी बघून गेले आणि अकराशेला तयार झाले. "सातही वार शाबूत पाहिजेत," म्हणाले. "मला लोखंड नको, अक्षरं पाहिजेत." अठ्ठ्याहत्तर सालच्या दसऱ्याला पैसे द्यायचं ठरलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. कामावर निघताना मल्हारी उंबऱ्यातून म्हणाले, "घरातली हत्यारं पूजेला मांड गं." त्यांच्या डोक्यात विळी, कात्री, हातोडी. विमलाबाईंनी घरातली सगळ्यात मानाची हत्यारं काढली. काळपट पाती देवापुढे कशी ठेवायची? चिंच आणि राख लावून त्यांनी ती अशी घासली, की त्यांत स्वतःचं कुंकू दिसावं.

दसऱ्याला शेठनी एकेक पातं उजेडाला धरलं. सोमवार नाही, शुक्रवार नाही. एकावर हळदीचं बोट तेवढं.

"कुणी घासलं हे?"

विमलाबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या, कौतुक ऐकायच्या तयारीने.

"मीच," मल्हारी म्हणाले. "म्हटलं, गिऱ्हाइकाला चकचकीत दिसावं."

"बोरस्ते, तुमच्यासारख्या जाणकाराने?" शेठनी दीडशे देऊ केले. मल्हारींनी पेटी मिटली. शेठ चहा पिऊन गेले.

"अहो, चिंच कुठल्या डब्यात असते, सांगा बरं," विमलाबाई म्हणाल्या.

"वरच्या?"

"खालच्या." त्यांनी शेठची कपबशी उचलली. "मशीन गेलं ना?"

"मीच सांगितलं होतं, हत्यारं मांड म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापुढे गरम पाण्याचा तांब्या, साबण आणि उघडी पेटी आली.

"करा आता याने दाढी. भाव तर उतरलाच आहे."

"आजचा वस्तरा कुठला?"

"कुठलाही घ्या. मी सगळे सारखे केलेत."

वस्तऱ्यांची नस न् नस ओळखणाऱ्या माणसाने वस्तरा पहिल्यांदाच गालाला लावला. हनुवटी दोन ठिकाणी चिरली. विमलाबाईंनी तुरटी फिरवली, आणि जरा जास्तच वेळ फिरवली.

तेव्हा जमाखर्च असा: शेठला चहा फुकट पडला. विमलाबाईंची चिंच गेली, मशीनही गेलं. यशोदाबाई आपल्या मशीनला पदरच्या पैशाने तेल घालत राहिल्या. आणि अकराशेच्या त्या सौद्यात रोख चुकती केली ती एकट्या मल्हारींच्या हनुवटीने.