शंकाबाईंचा शनिवार

मित्रांनो, माझ्यामागे उभे राहून आजवर शेकडो माणसांनी भाषणे केली. कोणी मला घट्ट धरून ठेवले, कोणी माझ्यावर मूठ आपटली, एकाने तर बोलण्याच्या भरात पाण्याचा पेला माझ्या डोक्यावर उपडा केला. मी कधी ब्रसुद्धा काढला नाही. आज मात्र बोलायची पाळी माझी आहे.

मी एक जुना पोडियम आहे. सभेत बोलणारा माणूस ज्याच्या उतरत्या फळीवर आपले कागद ठेवतो, ते उंच लाकडी मेज म्हणजे मी. न्यायालयाच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर वकिलांचे सभागृह आहे. तिथे माझे आयुष्य गेले.

खालचे एक न्यायदालन दुरुस्तीला काढले, तेव्हा तिथला साक्षीदाराचा पिंजरा मोडला. त्याच्या फळ्या पाहून सुतार म्हणाला, "हे जाळायला द्यायला माझा जीव होत नाही." त्याने त्या फळ्यांना रंधा मारला, सांधे जुळवले आणि त्यातून मला उभे केले. समोरून मी बंद आहे, मागून उघडा. पोटात एक ऐसपैस कप्पा आहे.

मला करवून घेतले ते मास्तरांनी. ते चांगले मुरलेले वकील होते. पण वकिलीआधी शाळेत शिकवत असत, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. कायदे बदलतात, रोज नवे निकाल येतात, मग वकिलाने जुन्या शिदोरीवर किती दिवस काढायचे, असे त्यांना वाटे. म्हणून त्यांनी शनिवारी संध्याकाळी वर्ग सुरू केला. "सनद भिंतीला टांगली म्हणजे अभ्यासही टांगला असं नाही," असे ते पहिल्याच दिवशी म्हणाले आणि सभागृह हसले.

ते दिवस काय सांगू! खुर्च्या पुरत नसत. उशिरा येणारे खिडकीच्या कट्ट्यावर बसत. केस पिकलेले वकील कालच सनद मिळालेल्या मुलांच्या मांडीला मांडी लावून टिपणे काढत. मास्तर बोलता बोलता माझी कड थोपटत आणि म्हणत, "हा आहे म्हणून माझे पाय टिकतात." मित्रांनो, मी लाकूड आहे, पण ते ऐकून मलाही मूठभर मांस चढे.

त्या गर्दीत दोघे नवे वकील नेहमी शेजारी बसत. एक मुलगी होती. मास्तरांचे वाक्य संपायच्या आत तिचा हात वर. "सर, एक शंका आहे." असे दर शनिवारचेच झाल्यावर तिचे नाव शंकाबाई पडले. दुसऱ्याची जीभ इतकी धारदार होती, की त्याला सगळे तलवार म्हणू लागले.

"मास्तर," तलवार म्हणे, "हिच्या शंका संपल्या की मला हलवून उठवा."

"तू झोपलास तरी तुझी जीभ जागी असते," शंकाबाई म्हणत. "तिला आवर."

दोघांचा डबा एक, छत्री एक आणि भांडणेही त्यांचीच. न्यायालयात समोरच्या वकिलाला 'माझे विद्वान मित्र' म्हणण्याची रीत आहे. हे दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले, की तलवार "माझ्या विद्वान मैत्रीण" असे म्हणताना 'विद्वान' शब्द इतका लांबवत, की न्यायाधीशही खाली मान घालून हसत, असे मी ऐकले आहे.

वर्षे गेली. मास्तर थकले. एका शनिवारी त्यांनी आपले कागद माझ्यावरून उचलले आणि शंकाबाईंना म्हणाले, "आता तू उभी राहा. मी खाली बसून शंका काढतो." त्यानंतर काही महिन्यांतच ते गेले. वर्ग शंकाबाईंकडे आला. त्यांनी तो मनापासून चालवला.

मग काळ पालटला. वर्ग घरबसल्या पडद्यावर होऊ लागले. सुरुवातीला शंकाबाई माझ्यावरच संगणक ठेवून शिकवत. पडद्यावर काळे काळे चौकोन दिसत, प्रत्येकात एकेक नाव. माणूस आहे की नाही, देव जाणे. एकदा त्या एका नव्या निकालावर अगदी रंगून बोलत होत्या. कोणाचा तरी आवाज चुकून चालू राहिला होता. सगळ्यांना ऐकू आले, "अहो, कपडे वाळत घालताय की नुसतेच उभे आहात?" शंकाबाई हसल्या, पण संगणक बंद केल्यावर त्या बराच वेळ रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिल्या.

पुढे पुढे मोठ्या शहरांतून तयार व्याख्याने येऊ लागली. ती घरी लावून ठेवली, की हजेरीचे प्रमाणपत्र आपोआप मिळे. मग वरचा मजला चढायचे कोणाला पडले होते? मला ओढत कोपऱ्यात नेले. माझ्या डोक्यावर ओल्या छत्र्या आल्या. कप्प्यात कोणी बंद पडलेला पंखा कोंबला. माझी एक कड फुगली. आवाज येत असे तो फक्त जिन्यावरच्या पावलांचा, आणि ती दुसऱ्याच मजल्यावर थांबत.

शंकाबाई मात्र शनिवारी येतच राहिल्या. त्या मला कोपऱ्यातून ओढून काढत, छत्र्या बाजूला करत आणि माझ्यामागे उभ्या राहून नवे निकाल वाचत. पाठदुखीमुळे त्यांना फार वेळ बसवत नसे. क्वचित एखादा वकील डोकावे, "वा, चालू आहे का अजून?" म्हणे आणि निघून जाई.

आता खरी गोष्ट सांगतो.

एके दिवशी दुपारच्या सुटीत शंकाबाई जुन्या निकालांची जाडजूड पुस्तके कवटाळून वर आल्या. त्यांच्याकडे एका नर्सचा खटला होता. नवऱ्यापासून वेगळी झालेली ही बाई रुग्णालयात रात्रपाळी करत असे आणि तिची लहान मुलगी रात्री मावशीजवळ झोपत असे. मुलीच्या वडिलांचे म्हणणे होते, की असली आई मुलीला काय सांभाळणार, मुलगी मला द्या. वडिलांचे वकील होते तलवार. रात्रपाळी करणाऱ्या आईकडे मूल ठेवू नये, असे पूर्वी न्यायालयांनी ठरवले आहे, हे सांगायला त्यांनी तीन जुने निकाल लेखी दिले होते.

शंकाबाईंनी पहिले पुस्तक माझ्यावर उघडले. तलवारांनी दिलेल्या पानावर एका पुलाच्या सिमेंटवरून चाललेले भांडण निघाले. दुसऱ्या पुस्तकाला तेवढी पानेच नव्हती. तिसरा निकाल त्यांनी संगणकावर उलटासुलटा शोधला. तो कुठेच नव्हता.

त्यांनी फोन करून तलवारांना वर बोलावले. ते धापा टाकत आले.

"बोल, काय एवढं तातडीचं? सुटी संपताच खाली माझी चार प्रकरणं पुकारतील."

"हे तीन निकाल कुठून आणलेस?"

"का?"

"कारण ते नाहीत. एकही नाही."

तलवार खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "त्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्राला विचारलं होतं. त्याने लगेच दिले. नाव, तारीख, पान, सगळं कसं जिथल्या तिथं. मला वाटलं, असतीलच."

"वाचलेस तू?"

"वाचायला वेळ आहे कुणाला? दोन्ही ज्युनियर सोडून गेले. आई अंथरुणाला खिळलीय. घरी जातो तेव्हा तिचं करायचं, की पुस्तकं चाळायची? तू एकटी आहेस, तुला नाही कळायचं."

शंकाबाईंनी उघडे पुस्तक मिटले. ते शेवटचे वाक्य त्यांना लागले असावे.

"माझं सोड," त्या म्हणाल्या. "ती पोर उद्या आईपासून तुटेल, ते कशावर? जे कुणी कधी लिहिलंच नाही त्यावर? सोमवारी सुनावणी आहे. उठून एवढंच सांग, की हे निकाल मी मागे घेतो. मी अवाक्षर काढणार नाही. तुला मी शब्द देते."

"आणि माझा पक्षकार विचारेल, का मागे घेतले, तर?"

"खरं सांग."

तलवार उठले. "बघतो," म्हणाले. आणि पावले जिन्यावरून खाली गेली.

सोमवारी काय घडले, ते मला चहावाल्या मावशींकडून कळले. त्या किटली घेऊन त्या दालनाच्या दाराशीच उभ्या होत्या. वर आल्या तेव्हा छत्र्या ठेवायला आलेले दोन-तीन वकील होते. त्यांना त्या सांगत होत्या, "तलवारसाहेबांनी तेच वाचून दाखवलं हो! मग बाई उठल्या. आवाज अगदी बारीक. म्हणाल्या, 'माझ्या विद्वान मित्रांनी दिलेले निकाल मला सापडले नाहीत. त्यांच्याकडे मूळ प्रत असेल तर त्यांनी दाखवावी, मी माफी मागेन.' जज्जसाहेबांनी विचारलं, 'वकीलसाहेब, प्रत?' तर हे नुसते कागदच चाळत राहिले."

न्यायाधीशांनी नर्सच्या बाजूने निकाल दिला. कारण मात्र साधेच होते. मुलगी शाळेत नीट जात होती, आपल्या मावशीच्या घरी रुळली होती आणि तिला आईजवळच राहायचे होते. तलवारांची चौकशी झाली आणि त्यांची वकिलीची सनद काही महिने रोखली गेली.

नर्स मुलीला घेऊन आभार मानायला वर आली. मोठ्यांचे बोलणे चालले असताना ती चिमुरडी माझ्यामागे गेली. तिने बंद पंखा बाहेर ढकलला आणि माझ्या कप्प्यात शिरून बसली. "आई, हे माझं घर," तिने आतून सांगितले. "तू बाहेरून कडी वाजव." नर्सने माझ्या पोटावर टकटक केली. मित्रांनो, माझ्या अंगावर कितीतरी टाळ्या वाजल्या आहेत. पण त्या टकटकीसारखे सुख मला दुसऱ्या कशात मिळाले नाही.

त्यानंतर मात्र शंकाबाईंचे दिवस फिरले. "आपल्याच माणसाची धुणी चव्हाट्यावर धुतली," असे लोक म्हणू लागले. "वकिलानं वकिलाचं पोट मारलं." "आज तलवार, उद्या तुमची-आमची पाळी." कोणी त्यांच्याशी भांडले नाही. भांडले असते तर बरे झाले असते. त्या खाली जेवायला बसल्या, की शेजारचे डबे आटपू लागत. जिन्यात त्या दिसल्या, की लोकांना अचानक फोन येत. बोलून चालून शिकलेली माणसे. पण त्यांनी बाईंना वाळीत टाकले.

मग त्या रोज दुपारी डबा घेऊन वर येऊ लागल्या. माझ्या फळीवर डबा ठेवून उभ्या उभ्याच खात. एकदा परगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलीचा फोन आला.

"आई, जेवलीस का?"

"जेवतेच आहे गं."

"एकटी?"

"छे! सगळे आहेत इथे. गोंधळ चाललाय नुसता."

फोन ठेवल्यावर त्यांनी डब्याचे झाकण लावले. अर्धी पोळी तशीच राहिली होती. मला हात असते, मित्रांनो, तर मी त्यांच्या पाठीवरून फिरवला असता.

शनिवार त्यांनी सोडला नाही. विषय फळ्यावर लिहायचा, वेळ झाली की सुरू करायचे, समोर कोणी नसले तरी. आधी मला वाटे, बाईंचे काही बिनसले का? मग उमगले, की शिकणे थांबले असते तर त्या आतून मोडल्या असत्या.

असाच एक शनिवार होता. फळ्यावर लिहिले होते, 'यंत्राने दिलेला निकाल कसा तपासावा?' बाईंनी चष्मा पुसला. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. ती दुसऱ्या मजल्यावर थांबली नाहीत.

दारात तलवार उभे होते. अंगात काळा कोट नव्हता. ते वाळले होते. त्यांनी फळा वाचला. शंकाबाईंनीही त्यांच्याकडे पाहिले आणि मग फळ्याकडे.

"विषय बदलू का?" त्यांनी विचारले.

"नको." ते शेवटच्या रांगेत बसले. "आई गेली माझी. महिना झाला."

"कळलं होतं. यावंसं वाटलं होतं. पण तुला आवडेल की नाही..."

"आवडलं असतं."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होते आणि ती सुरू होत नव्हती.

"पुढे येऊन बस," शेवटी शंकाबाई म्हणाल्या. "एवढ्या लांब ओरडायला माझ्या घशात बळ नाही."

तलवार उठले आणि पहिल्या रांगेत आले. त्यांनी खिशातून पेन काढले. शंकाबाईंनी घसा साफ केला आणि एकट्या माणसासाठी पुरा वर्ग घेतला. त्यांनी एकमेकांची माफी मागितलेली मी ऐकली नाही. दिवे मालवून दोघे जिना उतरले, तेव्हा बोलण्याचा आवाज मात्र खालपर्यंत ऐकू येत होता.

आता शनिवारी दोघे असतात. मध्ये एकदा तिसरे कोणीतरी आले होते. बाकीचे दिवस मी कोपऱ्यात एकटा असतो, आणि माझी फुगलेली कड आता उकलू लागली आहे. मला पॉलिश केलेत तर आनंदच आहे. पण लाकूड एकटे राहू शकते, त्याला सवय असते. माणसाला नसते.

तुमच्या वर्गातही कधीतरी कोणी एकटे पडलेले दिसेल. कोणी खरे बोलले म्हणून, कोणी चुकले म्हणून. त्याच्याजवळची जागा रिकामी असेल. काय बोलावे हे सुचेपर्यंत थांबू नका, मित्रांनो. आधी जाऊन शेजारी बसा.