देव दारातच उभा

या, जरा पुढे सरकून बसा. पाय लांब केलेत तरी चालेल, पण कान इकडे असू द्या. देवाला दारात उभं करून पुढचं विसरलेल्या बाईची ही गोष्ट. घडली कुवेतच्या वाळवंटात, तळ्याकाठी.

वाळवंटात तळं कुठलं, म्हणाल. अहो, एकोणऐंशीच्या जानेवारीत असा पाऊस कोसळला की जहरा गावाच्या पुढे एका खोलगट जागी गुडघाभर पाणी साठलं. भोवती हिरवळ आली, पाण्यात बदकं उतरली. रत्नागिरीचा अशरफ शुवैखच्या एका गॅरेजात होता. त्याने आपल्या कुवेती मालकाचा तंबू मागून आणला, आणि गुरुवारी संध्याकाळी पाच-सहा मराठी कुटुंबं डबे, गोधड्या, स्टोव्ह घेऊन तिथे मुक्कामाला पोचली.

शुक्रवारी सगळे पाण्याकाठी हुंदडत होते. चारुशीला तेवढी तंबूत पुटपुटत बसलेली. ती इस्पितळात नर्स. वडील देवरुखकडचे कीर्तनकार. गेल्या वर्षी बनेद अल-गारच्या एका फ्लॅटमध्ये ती पहिल्यांदा कीर्तनाला उभी राहिली आणि मध्येच अडली. रडत खाली बसली. आज दुसरी खेप.

"आज अडले, तर पुन्हा उभी राहायची नाही," तिने नवऱ्याला बजावलं.

"अगो, सुई टोचताना हात कापत नाही तुझा," जगन्नाथ म्हणाला.

"पेशंट तोंड फिरवून असतो. हे सगळे माझ्याकडे बघत बसणार!"

चार वाजता तंबूपुढे सतरंज्या पडल्या. जगन्नाथ पेटीवर बसला. नमन झालं, पूर्वरंगातलं निरूपणही झालं. सगळं छान चाललं होतं. पण एकदाचं उरकावं म्हणून चारुशीला मधल्या भजनाला न थांबता थेट आख्यानात शिरली. गरीब म्हातारीची झोपडी, घरात दाणा नाही, आणि पाहुण्याच्या वेषात देव दारात उभा राहिला...

आणि उभाच राहिला. पुढची ओळ गेली, ती गेलीच.

पेटीचा सूर लांबत चालला. "अगो, त्याला आत तरी घे," जगन्नाथ कुजबुजला. कुणीतरी हसलं. चारुशीलेचे डोळे भरून आले. ती खाली बसणार, तेवढ्यात मागून अशरफचा खणखणीत आवाज आला.

"ताई, मधलं भजन खाल्लंत की! माझे वडील देवळाच्या उत्सवात गॅसबत्त्या लावीत. बत्तीपाशी बसून मी किती कीर्तनं ऐकली. भजनाशिवाय आणि बुवांच्या गळ्यात हार पडल्याशिवाय आख्यान नाय लागत. पाहुण्याला थांबू दे जरा, कुठं जात नाय तो!"

हशा पिकला. लोकांनी टाळ्यांवर 'विठ्ठल विठ्ठल' धरलं. बुक्का कुणीच आणला नव्हता. हार मात्र निघाला. मुलांनी तोडलेली पिवळी रानफुलं अशरफच्या बायकोने, शहरबानूने, दुपारभर बसून ओवली होती. तिने तो हार चारुशीलेच्या गळ्यात घातला आणि हळूच विचारलं, "मग म्हातारीनं त्याला काय दिलान? घरात तर काय्येक नाय!"

चारुशीलेने तिच्याकडे पाहिलं. या बाईला गोष्ट खरोखरच माहीत नव्हती. तिला काळजी लागली होती ती म्हातारीची.

"काय देणार गं?" चारुशीला तिलाच सांगू लागली. "चूल पेटवली. आधी पाय धुवायला ऊन पाणी दिलं."

"ह्या बेस केलान!" शहरबानू म्हणाली आणि तिथेच पुढ्यात बसली.

मग चारुशीलेने ओळी आठवल्याच नाहीत. शहरबानूला सांगत गेली, ओळी आपणहून आल्या. जगन्नाथची पेटीच मागे पडायला लागली. आरतीनंतर शहरबानू म्हणाली, "आता आमच्याकडे अबू हलीफाला, गच्चीवर करा. शेजारणी आणते." चारुशीला "येते" म्हणून गेली, आणि मग स्वतःच चकित झाली.

मंडळी, एवढं मागणं आहे. कीर्तनाला बसाल आणि सांगणारा अडखळेल, तेव्हा शहरबानूची आठवण ठेवा. पुढे सरका, आणि म्हातारीने काय दिलान, ते विचारा.